आमची आज, त्यांची उद्या

हिकमत : किल्ली दे, फेरिदे.

फेरिदे : नाही देणार, बाबा. असल्या डोक्याने गाडी चालवलीत तर पहिल्या सिग्नललाच आपटाल.

हिकमत : मग तू चालव, पण इथून हल. इद्रिसचा बाप तिसऱ्या मजल्यावरून बघतोय. रविवारी ज्या घरच्या पोराशी तुझा साखरपुडा, त्या घरातून मी ईदच्या दिवशी बकलाव्याचा डबा घेऊन परत जिना उतरलो. चाळीस वर्षांत असा पाणउतारा झाला नव्हता माझा.

फेरिदे : कुणी जा म्हणालं नव्हतं. तुम्हीच उठलात. आणि ईद आज आपली आहे, त्यांची उद्या.

हिकमत : हे मला डबा उघडून झाल्यावर कळलं.

फेरिदे : आधी विचारायचं ना. मी रात्रपाळी संपवून हॉस्पिटलच्या दाराशी येते, तर तुम्ही मशिदीतून थेट कोट घालून हजर. म्हणे, बस गाडीत, तुझ्या सासरी न सांगता जाऊ, खूश होतील. इद्रिसचा मेसेज मी त्यांच्या जिन्यात वाचला. काल मोरोक्कोत चंद्र दिसला नाही, म्हणून आज त्यांचा तिसावा रोजा. वर बघते तर तुम्ही बेल दाबलेली.

हिकमत : आमचं कॅलेंडर भिंतीवर असतं. रोज सकाळी एक पान फाडायचं. ईद कधी, ते वर्षभर आधी छापून येतं. जानेवारीत फॅक्टरीत ह्या दिवसाची रजा टाकतो मी. फोरमनला काय सांगू, चंद्राला विचारून कळवतो म्हणून?

फेरिदे : हे वाक्य तुम्ही वरही ऐकवलंत. सहा उपाशी माणसांना.

हिकमत : मला वाटलं, थट्टा करतायत. इद्रिसचा बाप म्हणाला, आम्ही आज रोज्याने आहोत. मी म्हटलं, पुरे आता, आणि एक तुकडा उचलून पोराच्या तोंडाशी धरला. आमच्यात जावयाचं तोंड असंच गोड करतात.

फेरिदे : आणि त्याने खाल्ला.

हिकमत : खाल्ला. म्हणजे त्या घरात एकाला तरी रीतभात आहे.

फेरिदे : बाबा, महिनाभर तो पाण्याचा थेंब न घेता गोदामात खोकी उचलतोय. एक दिवस राहिला होता. तुमच्या हातून त्याने तो दिवस घालवला, स्वतःच्या आईबापासमोर. रीतभात नव्हती ती. तुम्ही त्याच्या आईचा चेहरा बघितला नाहीत. मी बघितला.

हिकमत : मग त्याचा बाप अब्दुस्सलाम काय म्हणाला, ते ऐकलंस की नाही? म्हणाला, तुम्ही लोक आधी तुर्क, आणि मग जागा उरली तर मुसलमान.

फेरिदे : त्याच्याआधी तुम्ही काय म्हणालात? पाचशे वर्षं इस्लामचा झेंडा आम्ही धरला, तुमच्यावर राज्य केलं, आता तुम्ही आम्हाला ईद शिकवणार.

हिकमत : खोटं आहे का?

फेरिदे : हो. ते म्हणाले ना, आमच्यावर नाही केलंत, तुम्ही अल्जीरियाला येऊन थांबलात. आणि खरंच आहे ते.

हिकमत : शाळेच्या नकाशात आम्हाला सगळं एकाच रंगात दाखवलं होतं. हसतेस काय?

फेरिदे : हसत नाहीये. रडू आवरतेय. रविवारसाठी मी दोन वर्षं थांबले, बाबा. एक वर्ष तुम्ही त्याचं नाव घेऊ देत नव्हतात. एक वर्ष त्याचे बाबा माझं. एक विचारू? खरं सांगायचं. इद्रिस तुर्क असता, एकही रोजा धरत नसता, शनिवारी मित्रांबरोबर बिअर पीत असता, तर?

हिकमत : तर दोन शिव्या हासडल्या असत्या आणि मुलगी दिली असती.

फेरिदे : बघा.

हिकमत : काय बघा? खरं सांग म्हणालीस, सांगितलं. सोलिंगेनला जर्मन पोरांनी आपल्या लोकांचं घर पेटवलं तेव्हा तू वर्षाची होतीस. त्या पोरांनी आत कोण नमाज पढतं, असं विचारलं नाही. तुर्कांचं घर म्हणून पेटवलं. त्यानंतर सहा महिने तुझ्या पाळण्याखाली दोरीची शिडी होती. तुझी आई रात्री बादल्या भरून ठेवायची. तुझ्या आजोबाला ह्या देशात आणलं ते तुर्क म्हणून, हिणवलं ते तुर्क म्हणून. मग अमेरिकेत ते टॉवर पडले, आणि एका सकाळी आम्ही सगळे मुसलमान झालो. फॅक्टरीतला जर्मन मला विचारतो, तुमच्या धर्मात असं का हो? अरे, कालपर्यंत मी तुझ्यासाठी हिकमत तुर्क होतो. आता त्या कालच्या आलेल्यांच्या रांगेत उभं केलंत मला. मी नाही त्यांच्यातला.

फेरिदे : इद्रिसचे आजोबा इथल्याच कोळशाच्या खाणीत होते. कालचे आलेले नाहीत ते.

हिकमत : तू शब्दात पकडू नकोस.

फेरिदे : मग माझंही ऐका. शाळेत मी तुर्क होते. सुट्टीत तुर्कस्तानात, कायसेरीला गेले की आत्याची पोरं म्हणायची, जर्मन आली. माझं तुर्की ऐकून खिदळायची. तुम्हीसुद्धा हसायचात. हॉस्पिटलमध्ये खाली नमाजाची एक खोली आहे, झाडूच्या कपाटाएवढी. तिथे सोमालियाची एक बाई येते, बोस्नियाची येते, अफगाण डॉक्टर येते. तू मूळची कुठली, हे मला तिथे कुणी विचारलं नाही. इद्रिस मला त्याच खोलीच्या दाराशी भेटला. माझ्यासाठी तो मोरोक्कन नव्हताच.

हिकमत : आता आहे. चंद्र बघ कुठला धरलाय त्यांनी.

फेरिदे : तुम्ही तरी कुठला धरलाय? कॅलेंडर अंकाराहून येतं.

हिकमत : कोण येतंय ते?

(इद्रिसची आई रहमा घरातल्या चपलांवरच रस्त्यावर येते आणि गाडीच्या काचेवर बोट वाजवते.)

रहमा : काच खाली घे, बेटा. हिकमतभाऊ, घाई नसेल तर दोन शब्द बोलायचेत.

फेरिदे : खाला, माझं चुकलं. मी फोन करायला हवा होता.

रहमा : ते नंतर. वर ह्यांनी ठरवलंय, रविवारी काही होणार नाही. हॉलवाल्याला फोन लावायला बसलेत. मी फोन लपवून खाली आलेय, तेव्हा वेळ थोडा आहे.

हिकमत : माझ्या बोलण्यामुळे?

रहमा : तुमचं बोलणं ते दोन दिवसांत विसरतील. त्यांनीही काही कमी ऐकवलं नाही. ते रागावलेत इद्रिसवर. म्हणतात, जो पोरगा आज सासऱ्याच्या हातून रोजा मोडतो, तो उद्या सासऱ्याच्या घरचाच होणार. त्याची पोरं तुर्की बोलणार, तुर्कांच्या मशिदीत जाणार, आणि आपल्या गावचं नावसुद्धा त्यांना घेता येणार नाही.

हिकमत : म्हणजे तो माझ्यासारखंच बोलतोय की.

रहमा : हो. सगळं आयुष्य इथे डुइसबुर्गला काढलंत दोघांनी. बोलायला लागलात की दोघंही तिकडचे.

फेरिदे : इद्रिस काय म्हणतो?

रहमा : मान खाली घालून बसलाय. बाप म्हणतो, जीभ लोभावली तुझी. म्हणतो, धर्मापेक्षा पोरगी मोठी झाली तुला. बापासमोर तो बोलतच नाही, लहानपणापासून.

हिकमत : बाई, त्याने खाल्ला का? नको म्हणायचं होतं. हात धरायचा होता माझा. मला राग आला असता, पण मी काही मेलो नसतो.

रहमा : स्वयंपाकघरात नेऊन मीही हेच विचारलं. म्हणाला, आई, सगळे बघत होते आणि त्यांचा हात तसाच पुढे होता. तो घास न घेता मागे पाठवणं जमलं नाही मला. रोजा मी नंतर भरून काढीन.

फेरिदे : बाबा?

हिकमत : गप्प बस जरा.

रहमा : मी तुम्हाला दोष द्यायला आले नाही, भाऊ. त्याच्यात वाईट काही नव्हतं, एवढं तुम्हाला तरी माहीत असावं, म्हणून आले. त्याच्या बापाला हे सांगून उपयोग नाही. त्यांना तो दुबळेपणाच वाटेल.

हिकमत : फेरिदे, माझ्या बाजूचं दार उघड. तू मघाशी लॉक केलंयस.

फेरिदे : कुठे निघालात?

हिकमत : वर. अब्दुस्सलामला सांगतो, तुझा पोरगा मान हलवून नको म्हणत होता. मी त्याच्या तोंडात कोंबला.

फेरिदे : तसं झालं नाही.

हिकमत : मी अब्दुस्सलामकडे पाठ करून उभा होतो. त्याला माझा कोट दिसला, बाकी काही दिसलं नाही.

फेरिदे : ते तुम्हाला वाटेल ते बोलतील, बाबा. सगळ्या घरासमोर. तुर्क असेच, म्हणतील.

हिकमत : म्हणू दे. मला बोलून झालं की पोरावर ओरडायला दम उरणार नाही त्याला. उपाशी आहे बिचारा.

रहमा : भाऊ, थांबा. खोटं बोलणार तुम्ही? रोज्याच्या दिवशी?

हिकमत : रोजा तुमचा आहे, बाई. माझी आज ईद आहे.