नळ आठवड्यात झाला

मंडईच्या कचेरीबाहेर घड्याळवाला दाद मागायला रांगेत उभा होता. पुढे शिंपीण आणि तिचा नवरा. त्यांच्या गाळ्याला कालच टाळं लागलं होतं.

“सभेत प्रश्न विचारला की गाळा बंद, हा नियम केला कोणी?”

“अध्यक्षांनी.”

“टाळं ठोकलं कोणी?”

“त्यांच्याच माणसांनी. हळू बोल गं!”

“का म्हणून हळू? मंडईच्या घटनेत तीन समित्या होत्या. नियम करणारी वेगळी, राबवणारी वेगळी, निवाडा करणारी वेगळी. त्या मोडल्या कोणी?”

“अगं, त्यांची आपसातच जुंपायची. साधा नळ दुरुस्त व्हायला वर्ष गेलं.”

“म्हणून सगळं एकाच्या हातात दिलंत? तेव्हा तोंडाला कुलूप होतं?”

“सगळ्यांनीच हात वर केले. आणि नळ आठवड्यात झाला की नाही?”

“झाला ना! बसा आता त्या नळाखाली डोकं धरून! अहो, त्यांची जुंपायची म्हणूनच आपला गाळा उघडा होता!”

शिपायाने दार उघडून दोघांना आत घेतलं. निवाड्याच्या खुर्चीतून आलेला अध्यक्षांचा आवाज घड्याळवाल्याने लगेच ओळखला.

“या, बसा. तक्रार कोणाविरुद्ध आहे?”