मोठा पाय आधी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब. व्यासपीठावर बसलेल्या मेट्रन बाई. आमच्या धुलाई विभागाचे सुपरवायझर साहेब, ज्यांनी मला एकदा कामावरून काढलं होतं आणि आज स्वतःहून भाषणाला उभं केलं. पहिल्या रांगेत बसलेले आमच्या मोठ्या बाईंचे यजमान, म्हणजे आमचे काका. समोर जमलेले धुणारे, पिळणारे, इस्त्री करणारे, घड्या घालणारे माझे सगळे सोबती. आणि आज निवृत्त होताना व्यासपीठावर बसवलं म्हणून तेवढ्यापुरत्या बसलेल्या, नजर मात्र खुर्च्यांच्या कव्हरांवरच्या डागांवर असलेल्या आमच्या मोठ्या बाई. सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. हा कार्यक्रम सकाळी दहाला ठेवावा, असं अधीक्षक साहेबांचं म्हणणं होतं. तो संध्याकाळी, पाळी सुटल्यावरच व्हावा म्हणून मी त्यांच्या दालनात जाऊन भांडलो. थोडा जास्तच भांडलो. साहेब, तुम्ही ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. कारण तेव्हा सांगितलं नव्हतं, आज सांगणार आहे, पण शेवटी.

मला इथे सगळे ‘ठिणगी’ म्हणतात. कॉलेज मी दुसऱ्या वर्षी सोडलं. एका प्राध्यापकांशी वाद झाला, मी वही मिटली आणि जो बाहेर पडलो तो परत गेलो नाही. कोण बरोबर होतं, हे आता आठवत नाही. दोन महिन्यांनी इथे ओल्या चादरींच्या ट्रॉल्या ढकलायला लागलो. मनात होतं, महिनाभर करू आणि सोडू. सोडण्यात माझा हात कोणी धरला नसता.

पण चौथ्या दिवशी घडीच्या टेबलापाशी एक व्यक्ती दिसली. ती व्यक्ती आता तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मी काय बोलणार या धास्तीने खाली बघते आहे. काळजी नको, मी फक्त बुटांबद्दल बोलणार आहे.

तर त्या व्यक्तीसमोर रबरी सपाता घालून ट्रॉली ढकलणं मला बरं वाटेना. सुट्टीच्या दिवशी सकाळी उठलो, दुकान उघडताच पहिलं गिऱ्हाईक मी. काळे, टोकदार, कातडी तळव्याचे, आरशासारखे चमकणारे बूट घेतले. दुकानातल्या गालिच्यावर दोन फेऱ्या मारल्या. काय सांगू, नवरदेवासारखं वाटत होतं.

इथल्या लादीवर दुपारपर्यंत तो नवरदेव लंगडायला लागला. तीन दिवस मी दातांवर दात दाबून हसतमुखाने चाललो. त्या व्यक्तीने बुटांकडे एकदाही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली.

“पाय दुखतोय का?”

“छे.”

“मग असा का चालतोस, मागून कोणी धरून ठेवल्यासारखा?”

त्याच संध्याकाळी, पाळी सुटायला थोडाच वेळ असताना, ऑपरेशन थिएटरच्या धुतलेल्या चादरींची अख्खी ट्रॉली घेऊन मी ओल्या लादीवर घसरलो. चादरी डबक्यात, मी चादरींवर. सुपरवायझर साहेब ओरडले, ते रास्तच होतं. चूक माझी, पण मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडलो. बूट काढले आणि त्यातला एक भिरकावला. नेम धरला नव्हता, देवाशप्पथ. पण तो नेमका पांढऱ्या कपड्यांच्या उघड्या ड्रममध्ये पडला. काळं पॉलिश, गरम पाणी. पुढचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे.

“उद्यापासून येऊ नकोस,” साहेब म्हणाले.

मी अनवाणीच दाराकडे निघालो. मागून मोठ्या बाईंचा आवाज आला, “उद्याचं उद्या बघू. आधी पाय दाखव.”

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण बाई खाली बसल्या. माझी टाच सोलली होती, दोन नखं निळी पडली होती.

“बूट सकाळी घेतलेस ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“अरे, सकाळचा पाय पाहुण्यासारखा असतो, अंग चोरून बसलेला. दिवसभर उभं राहिलं की फुगतो. मग खरा पाय दिसतो.”

त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि मला त्यावर उभं केलं. मी बसायला लागलो तर म्हणाल्या, “बसून घेतलेलं माप बसणाऱ्याच्या कामाचं. दोन्ही पायांवर भार दे.” मग पेन्सिलीने दोन्ही पायांची आखणी केली. मोठा पाय आधी, हा त्यांचा नियम. “बूट मोठ्या पायाला घ्यायचे. लहान्याची समजूत आत पातळ तळवा घालून काढता येते. मोठ्याची नाही निघत.”

मला अजून सगळं पाठ आहे. कामावरचे मोजे घालूनच दुकानात जायचं. पुढे अंगठाभर जागा हवी आणि टाच मात्र जागची हलता कामा नये. बूट हातात घेऊन वाकवायचा. बोटांच्या मुळाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर परत ठेवायचा. तळवा ओल्यावर धरणारा हवा. गालिच्यावर चालून बघायचं नाही, लादीवर चालायचं. “आणि आरशात बघू नकोस,” असं त्यांनी खास मला सांगितलं. “आरशातले पाय दुखत नाहीत.”

मग त्या साहेबांकडे वळल्या. “याला पंधरा दिवस माझ्याकडे द्या. हा पोरगा वाईट नाही, याचे बूट लहान आहेत.”

साहेब, त्या पंधरा दिवसांना आता तीन वर्षं होत आली.

साबणाच्या कपाटाच्या दाराला आतून आपल्या सगळ्यांच्या पायांची आखणी चिकटवलेली आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्यात बाईंची नाही, हे कोणाच्या लक्षात आलं होतं का? मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, मोठ्या बहिणीचे बूट घालून त्या इथे पहिल्यांदा आल्या, एक नंबर लहान होते. घरी सांगायची लाज, इथे सांगायची भीती. अकरा महिने तसेच घातले. त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा आत वळला आणि तो पाय उजव्याहून रुंद झाला, तो तेव्हा. त्यानंतर नव्या माणसाला त्यांनी असं चालू दिलं नाही. स्वतः मात्र आजतागायत कापडी बुटाला कडेला कात्रीने भोक पाडून घालत आल्या.

म्हणून निरोपाच्या भेटीचा विषय निघाला तेव्हा मी म्हणालो, बूट. सगळे हसले. इस्त्रीवाले भाऊ म्हणाले, “निवृत्तीला बूट? परत कामाला जुंपायचंय का त्यांना?” भिंतीवरचं घड्याळ जवळजवळ ठरलं होतं. मी तोवर बाईंकडे माप मागायला गेलो, तर त्यांनी उडवूनच लावलं. “माझे पाय आता घरी बसणार. त्यांना कशाला नवे बूट?”

मी रागावून परत फिरलो. पण तिसऱ्या रांगेतली ती व्यक्ती म्हणाली, “खोटं बोलतात. परवा मला सांगत होत्या, काकांबरोबर रोज पुलापर्यंत जायचंय म्हणून. म्हणाल्या, तीस वर्षं नुसती उभी होते गं, चालले कुठे?”

यावर घड्याळ मागे पडलं.

बाई, आता कबुली देतो. पाळी सुटल्यावर तुम्ही मागच्या नळावर पाय धुता आणि अनवाणी कपाटांच्या खोलीत जाता. गेल्या महिन्यात एकदा वाटेत वर्तमानपत्रं पसरली होती. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी म्हणालो, फरशी नुकतीच पुसली आहे. फरशी कोणी पुसली नव्हती. तुम्ही आत गेल्याबरोबर आम्ही दोघं पेन्सिली घेऊन खाली बसलो. ओले ठसे भराभर वाळत होते. “मी डावा घेते, तू उजवा घे,” ती म्हणाली. “लवकर, टाच चालली.” डोक्यावर डोकं आपटलं. पण ठसे मिळाले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली पाच मिनिटं, आणि त्याबद्दलही तुमचेच आभार मानायचे आहेत. पुढचं काही विचारू नका. मी विचारलं आहे, उत्तर यायचं आहे.

पहिल्यांदा मी दुकानातून जाड, दणकट बूट आणले होते. तीच म्हणाली, “हे उभं राहायचे. त्यांना चालायचे हवेत.” ते परत केले. दुसरे आणले. हलके आहेत, पुढे रुंद आहेत, अंगठ्याला कुठे शिवण लागत नाही.

तरी बाई, धाकधूक आहे. पाण्याचा ठसा तो, थोडा पसरतो. माप चुकलं असेल तर एवढ्या सभेपुढे माझी फजिती होईल, ती चालेल. पण तुम्ही ‘छान आहेत’ म्हणाल आणि घरी जाऊन कात्री काढाल, ते चालणार नाही. म्हणून ते इथेच, आत्ताच घालून बघायचे आहेत. आणि म्हणूनच, अधीक्षक साहेब, कार्यक्रम सकाळी नको होता. आता सहा वाजून गेले आहेत. बाईंनी आज शेवटची पाळीही पूर्ण उभं राहून केली आहे. पाय आता खरे आहेत.

अध्यक्ष साहेब, सुपरवायझर साहेब, सर्व सोबती, तुम्ही माझं एवढं ऐकून घेतलंत. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, जे सांगायला नको ते सांगून गेलो असेन, तर माझ्या वयाकडे आणि टोपणनावाकडे पाहून सोडून द्या.

काका, जरा वर येऊन बाईंची खुर्ची पुढे सरकवता? मी व्यासपीठावर खाली बसतो आहे, बुटांची नाडी सैल केली आहे.

बाई, डावा आधी.