किल्ल्यातली मोजणी

दुष्काळाच्या साली मी श्रीगोंद्याकडचा एक भुईकोट किल्ला बघायला गेलो आणि साहेब झालो. तट केवढा लांब आहे ते कळावं म्हणून पावलं मोजत चाललो होतो. तीनशेच्या आसपास मागं वळलो, तर पन्नासेक माणसं पाट्या-कुदळी घेऊन माझ्यामागं उभी!

सरपंच चहा घेऊन पुढं आला. "साहेब, काम कवा सुरू करायचं?"

"कसलं काम? मी किल्ला बघायला आलोय."

"पडक्या भिती बघाया कोन येतंय? आमी दुष्काळी काम मागितलंय, तुमी मोजनीला आलाय."

"अहो, मी कॉलेज सोडलेला माणूस आहे."

"मग? सोडल्याबिगर नोकरी कशी लागंल?"

हे आमच्या वडिलांना कधी सुचलं नाही. शेवटी पिशवी उघडून दाखवली. आत टेप नाही, नकाशा नाही, नुसती भाकरी. तेव्हा त्या थोर माणसानं माझ्या हातातली कपबशी काढून घेतली, उरलेला चहा स्वतः प्यायला आणि मलाच लबाड म्हणून निघून गेला.

माणसं पांगली. एक म्हातारी तेवढी पाटी घेऊन थांबली.

"काम न्हाई तर न्हाई, लेका. पर उंद्या बी मोजाया ये. दोन म्हैन्यात आमचा सरपंच आज पैल्यांदा घराभाईर पडला."