अकराव्या पानावरची विहीर

सभाध्यक्ष महाशय, तांड्याचे नाईक, वहिनी, आणि शाळेच्या या अंगणात जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

हरचंद चव्हाण गेले. आज त्यांचा तेरावा. तुम्ही ढाणकीहून आलात, आसपासच्या तांड्यांवरून आलात, काही जण बैलगाडीने पहाटे निघून आलात. मी या शाळेत सतरा वर्षे गणित शिकवतो. फळ्यासमोर उभे राहून बोलताना मला कधी अडखळल्याचे आठवत नाही. आज मात्र पहिले वाक्य जुळवायला मला दोन दिवस लागले. कारण मला जे सांगायचे आहे ते हरचंदभाऊंइतकेच माझ्याविषयीही आहे. तुमच्याविषयीही आहे.

मी शिक्षक आहे. म्हणून सुरुवात एका कोड्याने करतो.

हरचंदभाऊ तुमच्या घरी आले, की काय करीत? आठवून पाहा. पाणी पीत. गुरांची चौकशी करीत. मग उठून कोनाड्यापाशी किंवा देवघरापाशी जात आणि तेथे ठेवलेले स्वतःचेच पुस्तक उचलत. ते उघडत नसत. वरच्या कडेवरून फक्त अंगठा फिरवीत, एकदा, सावकाश. मग पुस्तक होते तसे ठेवून देत आणि म्हणत, "बरं हाय, येतो मी."

हे तुम्ही पाहिले आहे. माझ्या घरीही त्यांनी हे पाच-सहा वेळा केले. आमच्या सौभाग्यवती हसून म्हणाल्या, "भावजी, धूळ पाहून राह्यले का?" तेही हसले. "नाही वहिनी, तुमच्या घरी धूळ कुठची!"

मग ते काय पाहत होते?

उत्तर देण्यापूर्वी पुस्तक कसे तयार होते ते सांगावे लागेल. हा पाहा, माझ्या हातात एक मोठा कागद आहे. छापखान्यात अशा एका कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पृष्ठे छापतात. त्याला फॉर्म म्हणतात. आता मी हा दुमडतो. एकदा. दोनदा. तीनदा. झाले लहानसे पुस्तक! ही शेवटची घडी म्हणजे पाठ, येथे शिवण येते. पण वरच्या बाजूला पाहा. घड्या तशाच आहेत. इकडे बाजूलाही काही पाने एकमेकांना जोडलेली आहेत. एरवी छापखान्यातले कापणीयंत्र या कडा कापून टाकते आणि पाने मोकळी होतात. कडा कापल्या नाहीत, तर सोळांपैकी किती पृष्ठे सरळ उघडतात? मोजू या. पहिले. मधली दोन, म्हणजे आठवे आणि नववे. आणि शेवटचे, सोळावे. चार! बाकीची बारा आत बंद राहतात. किती सुंदर रचना आहे पाहा, एकाच कागदात...

क्षमा करा. शिकवायची सवय आहे.

हरचंदभाऊंचे पुस्तक, 'बैलांच्या पाठीवरचा मुलूख', हे असे होते. त्यांचे पहिले आणि शेवटचे पुस्तक. त्यांच्या मागे कोणी प्रकाशक नव्हता, कोणी मंडळ नव्हते. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. त्या फिरण्याला ते लदेणी म्हणत. लदेणीच्या वाटा, मुक्काम, पाणवठे हे सारे त्यांनी तांड्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून लिहिले, आणि स्वतःच छापून घेतले. पुस्तक बांधून तयार झाले त्याच आठवड्यात छापखान्याच्या कापणीयंत्राचे पाते तुटले. छापखानेवाले म्हणाले, पंधरा दिवस थांबा. हरचंदभाऊंना दसरा गाठायचा होता. नवे मराठी राज्य झाले त्या वर्षीचा दसरा. छापखानेवाले म्हणाले, मग असेच न्या. जाणती माणसे चाकूने पाने कापूनच वाचतात. त्यांनी ते खरे मानले.

दसऱ्याला ते घरोघर गेले. एका हातात आपट्याचे सोने, दुसऱ्या हातात पुस्तक. खिशात बांबूची एक पातळ, धारदार पट्टी, पाने कापून दाखवण्यासाठी. आणि आपण काय केले? आपण पुस्तक कपाळाला लावले. पाटावर वह्या-पुस्तकांची पूजा मांडलेली होती, त्यात ते ठेवले. हळदकुंकू वाहिले. त्यांनी खिशातून पट्टी काढली, तेव्हा एका घरातली म्हातारी दचकलीच. आज ती माउली येथे बसली आहे, मी नाव घेत नाही.

"काहून रे बापू? दसऱ्याच्या दिशी सरस्वतीले पातं लावतं का तू?"

"पानं मोकळी करून देतो, माय."

"राहू दे, राहू दे. पूजेतलं हाय ते. पाप लागंन."

त्यांनी पट्टी खिशात ठेवली. पूजेच्या दिवशी पुस्तक वाचायचे नसते, हे आपण सगळे पाळतो. दुसऱ्या दिवशी पूजा हलली. वह्या पोरांच्या दप्तरात गेल्या. हे पुस्तक देवघरातच राहिले. आपण त्याचा मान राखला. मान इतका राखला की कोणी ते उघडले नाही.

मग ते बाजारात बसू लागले. ढाणकीच्या बाजारात, मिरचीवाल्यांच्या ओळीला, पोत्यावर पुस्तके मांडून. मी एकदा त्यांच्याशेजारी बसलो होतो. एक शेतकरी थांबला.

"हे काय हाय भाऊ, पंचांग?"

"नाही दादा. आपल्या मुलखाच्या जुन्या वाटा हायत."

"पाऊस केव्हा येते, ते हाय का यात?"

"नाही."

"मंग कायले घ्याचं?"

दुसरा बैलबाजारातून आलेला. मुखपृष्ठावरचा बैल पाहून, विकाऊ बैलाचे वय विचारावे तसा म्हणाला, "किती दाती हाय हा?"

हरचंदभाऊ म्हणाले, "मेला तो, पाटील. मेला म्हणून तं त्याचे दात लिहून ठेवले."

सगळी ओळ हसली. तेही हसले. संध्याकाळी मात्र त्यांनी पुस्तके मोजली आणि मांडली होती तेवढीच पुन्हा पोत्यात बांधली.

त्यांनी पुस्तक पूर्वेकडे नेले, मारेगावला नेले, राजूरच्या खाणीवरल्या कामगारांत नेले. मोटारीच्या टपावर गठ्ठा, आणि आत हे उभे. मी विचारले, इतक्या लांब का? तिकडे तुमचे कोण आहे? ते म्हणाले, "याडी म्हणते, ते तिकडंच कुठंतरी असंन." याडी म्हणजे त्यांची आई. 'ते' म्हणजे काय, हे मी विचारले नाही. का विचारले नाही? माझ्यापुढे सहामाहीचे पेपर होते, म्हणून.

आता माझ्याविषयी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, याच शाळेच्या दालनात त्या पुस्तकाचे प्रकाशन झाले. मुख्य वक्ता मी होतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते भाषण ऐकले आहे. तुम्ही टाळ्याही वाजवल्या होत्या. मी पुस्तकातले उतारे वाचून दाखवले. पहिल्या पृष्ठावरचा. आठव्यावरचा. नवव्यावरचा. सोळाव्यावरचा. सतराव्यावरचा. पुढे चोविसाव्यावरचा. लक्षात येते आहे? एकशे बारा पृष्ठांचे पुस्तक, सात फॉर्म, प्रत्येकी चार. अठ्ठावीस पृष्ठांवर मी पाऊण तास बोललो. प्रत माझ्याकडे आठ दिवस होती. घरात चाकू होता. मी तो घेतला नाही.

भाषणानंतर हरचंदभाऊ माझ्याजवळ आले. माझा हात हातात घेतला.

"मास्तर, लई बेस बोलले. आठव्या-नवव्या पानाचं तं पाठच केलं तुम्ही."

मी खूश झालो.

"अन् दहा-अकराचं?"

"वेळ कमी होता हो, हरचंदभाऊ."

त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाले, "हाव. वेळ कमीच होता."

मला तेव्हा काही कळले नाही. त्यांना सगळे कळले होते. वक्त्याच्या घरीच पुस्तक बंद आहे, हे त्यांना त्या दिवशी कळले. पुढची तीन वर्षे ते अंगठा फिरवीत घरोघर हिंडले, आणि प्रत्येक घरी अंगठा घडीला अडला.

परवा वहिनी, हरचंदभाऊंच्या पत्नी, माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मास्तर, सभेत तुम्हीच बोला. त्याईचं पुस्तक तुम्हालेच ठाव हाय." मी हो म्हटले. भाषणाची तयारी म्हणून माझी प्रत काढली, आणि ते कसे करीत ते आठवून सहज वरच्या कडेवरून अंगठा फिरवला. अडला.

मी चाकू आणला. दहावे-अकरावे पान कापले.

अकराव्या पानावर काय आहे ते वाचून दाखवतो. हे त्यांचे शब्द आहेत.

"माझ्या आईचा जन्म लदेणीच्या मुक्कामावर, एका दगडी विहिरीपाशी झाला. त्या विहिरीच्या काठावरील एका दगडात बैलाचा खूर कोरलेला आहे. तो डावा खूर आहे, त्याचे एक नख तुटलेले आहे. विहीर कोठे होती हे आईस आठवत नाही. तिचे वय फार झाले आहे. डोळे मिटण्यापूर्वी तिला त्या विहिरीचे पाणी एकदा प्यायचे आहे. तोंडाने विचारून मी थकलो, म्हणून आता छापून विचारतो. ज्या वाचकाने असा दगड पाहिला असेल त्याने मला एक पोस्टकार्ड टाकावे."

बंधुभगिनींनो, खाली पाहू नका. माझ्याकडे पाहा. तुमच्यापैकी निम्मे जण याच शाळेचे विद्यार्थी आहात. शाळेच्या मागच्या आवारात, येथून वीस पावलांवर, कुंपणाच्या आत कोणती विहीर आहे? पाटीवरच्या पेन्सिलीला टोक काढायला तुम्ही कोठे जात होता? काठावरच्या दगडातल्या त्या खोलगट जागी. तुमच्या पेन्सिली घासून घासून ती गुळगुळीत झाली आहे. परवा मी तेथे भर उन्हात गेलो. दगड धुतला. खूर आहे. डावा आहे. एक नख तुटलेले आहे.

सतरा वर्षे मी त्या दगडावर बसून वह्या तपासल्या.

हरचंदभाऊंना ही विहीर दिसली कशी नाही? ते या शाळेत शिकले नाहीत. मागच्या आवारात मुले आणि शिक्षक यांखेरीज कोणी जात नाही. आणि त्यांचा शोध पूर्वेला होता. पण मी तर येथेच होतो. मी वहिनींना विचारले, त्यांनी मला एकदा तोंडाने का सांगितले नाही, मास्तर, अकरावे पान वाचा म्हणून? वहिनी म्हणाल्या, "मी म्हटलं होतं त्याईले. तं म्हणे, सांगून वाचाले लावलं तं ते वाचणं कायचं? मास्तर वाचतीन, तवा सोताच येतीन."

मी गेलो नाही. त्यांच्याकडे एकही पोस्टकार्ड गेले नाही. त्यांची आई गेल्या उन्हाळ्यात वारली. त्यानंतरही ते अंगठा फिरवीत होते, हे तुम्ही पाहिले आहे. कशासाठी, ते मला सांगता येत नाही. मग तीन दिवसांचा ताप, आणि तेही गेले.

आणखी एक गोष्ट आहे. ती सांगू नये असे वाटत होते, पण सांगतो. प्रकाशनाच्या दिवशी त्यांची आई दालनात आली होती. पहिल्या रांगेत, लाल ओढणी घेतलेली. माझे भाषण लांबले. तिला तहान लागली. शिपायाने माठातून तांब्या भरून दिला. शाळेचा माठ कोणत्या विहिरीच्या पाण्याने भरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिने तांब्या रिकामा केला आणि ओढणीच्या पदराने तोंड पुसले.

चला, पाणी तरी मिळाले, असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. तिला ते ठाऊक नव्हते. तिच्या मुलाला ठाऊक नव्हते. ज्याला ठाऊक असायला हवे होते, तो तिच्यासमोर उभा राहून आठवे पान वाचत होता. ही चूक आता दुरुस्त होण्यासारखी नाही. उदाहरण चुकले तर मी फळा पुसून पुन्हा सोडवतो. येथे तसे काही करता येणार नाही. अकराव्या पानावरच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे. ते कोणत्या पत्त्यावर पाठवू?

अध्यक्षमहाराज, आपण आता उभे राहून काही क्षण स्तब्ध राहू. पण ही स्तब्धता आदरांजली आहे, असे मनात आणू नका. त्यांना आपण तीन वर्षे हेच दिले आहे.

आणि नंतर घरी जा. हातपाय धुवा. देवघरातून, कोनाड्यातून, पेटीतून ते पुस्तक काढा. त्यावरचे कुंकू झटका. वरच्या कडेवरून अंगठा फिरवा, एकदा, सावकाश, ते करीत तसाच. कोणाचा अंगठा न अडता सरळ गेला, तर त्याने उद्या वहिनींकडे जाऊन तेवढे सांगावे. ज्याचा अडेल त्याने कोणाला काही सांगू नये. अंगठा तेथेच थोडा वेळ ठेवावा. हरचंदभाऊंना तुमच्या घरी काय लागत होते, ते तेवढ्याने कळेल.