नोरीननं मला शिकवायला शिकवलं

मी मूळची नागपूरची, महालातली. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे, आई घरीच, आणि चाकांचं म्हणाल तर बाबांची सायकल अन् पुढे माझी स्कूटी, बस. मी एमएस्सी, बीएड, बारा वर्षं पोट्ट्यांना गणित शिकवलं आणि शिस्त अशी की वैशाली मॅडम जिन्यात दिसल्या की अख्खा वर्ग आपोआप जागेवर बसायचा. हे काहून सांगून राहिले, तर त्या शिस्तीनंच पुढे माझा घात केला.

मग यांना आयर्लंडमध्ये लिमरिकजवळ मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात नोकरी लागली अन् आम्ही इकडे आलो, ईशा माझी तेव्हा पाच वर्षांची. आता लिमरिकला गाडी नाही म्हणजे, काय सांगू तुम्हाला, पाय नाहीत असंच समजा. हे शिफ्टला गेले की मी घरात. एकदा ईशाचा कान ठणकून राहिला होता, अंगात ताप, दवाखाना चार किलोमीटर, टॅक्सी येईना, बसचा पत्ता नाही, तर मी तिला उचलून पावसातून चालत नेलं बाप्पा. त्या दिवशी ठरवलं, गाडी शिकायची.

शेजारणीनं नोरीनचा नंबर दिला. नोरीन म्हणजे साठी ओलांडलेली, बुटकीशी बाई, लहानशी लाल गाडी, शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक असतो तशी. इथे परीक्षेआधी बारा धडे सक्तीचे असतात, ते तिच्याकडे घेतले. पहिल्याच दिवशी गोल चौकात माझी गाडी बंद पडली, मागे रांग लागली, हॉर्न वाजून राहिले, मला घाम फुटला, अन् नोरीन शांतपणे म्हणाली, त्यांना घाई आहे, आपल्याला नाही. बारा वर्षं शिकवलं मी, पण असं वाक्य कधी माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

लायसन्स मिळालं, दोन-तीन वर्षं चालवली, अन् एक दिवस नोरीन म्हणते, तू गाडी शिकवायला लाग. इथल्या शाळांत पंधरा-सोळाच्या मुलांना एक मधलं वर्ष असतं, परीक्षेचा भार नसलेलं, त्यात रस्त्याचं शिक्षणही देतात, अन् सतरा झाले की तीच मुलं प्रत्यक्ष गाडीवर येतात. मी म्हटलं, माझं बीएड आहेच. ती म्हणाली, छान, फाइलमध्ये ठेव. मग तिनं यादी सांगितली. पक्कं लायसन्स, करांचे कागद, गार्डा म्हणजे पोलिसांकडून चौकशी, अन् मग तीन परीक्षा: एक नियमांची, एक आपल्या स्वतःच्या चालवण्याची, अन् तिसरी शिकवण्याची.

पहिल्या दोन निघाल्या. तिसरीत परीक्षकच शिकाऊ होऊन बसतो अन् मुद्दाम चुका करतो. माझा परीक्षक उभ्या गाड्यांच्या फार जवळून जायला लागला, मी ब्रेक दाबला अन् तोंडातून निघून गेलं की किती वेळा सांगायचं तुम्हाला. तो कागदावर लिहीत राहिला. नापास. जन्मात कधी नापास झाले नव्हते मी. पार्किंगमध्ये बसून रडले. हे म्हणाले, राहू दे ना, कशाला जिवाला त्रास.

पण रविवारी सकाळी नोरीन दारात, लाल गाडी घेऊन. मला शेजारच्या सीटवर बसवलं अन् म्हणाली, आजपासून मी शिकाऊ, तू शिकव. आता पहा, तीस वर्षं गाडी चालवणारी बाई, गुडघे दुखतात, रविवारचा दिवस, अन् ही माझ्यासाठी क्लच चुकवून राहिली. एका रविवारी ती भाव खाणारा पोरगा व्हायची, एका रविवारी घाबरलेली मुलगी. चार रविवार झाले अन् पाचव्याला ती चुकीच्या लेनमध्ये शिरली, अन् मी वर्गातल्या आवाजात ओरडले. तिनं गाडी बाजूला घेतली. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, काय नाटक करते ही. पण तिनं चावी फिरवून इंजिन बंद केलं अन् हळूच म्हणाली,

“माझा नवरा मला असाच शिकवायचा. त्यानंतर अकरा वर्षं मी स्टिअरिंगला हात लावला नाही, वैशाली.”

मायबाई, मला वाटलं जमीन फाटावी. माझ्या वर्गातली कितीक तोंडं डोळ्यांपुढे आली, फळ्यापुढे गप्प उभी राहणारी. मी सॉरी म्हटलं, तिलाही अन् मनातल्या मनात त्यांनाही. मग विचारलं, तर मी काय करू? ती म्हणाली, सांगू नको. शिकणाऱ्याला काय दिसतंय ते विचार.

दुसऱ्या खेपेला परीक्षक तसाच डावीकडे सरकला. पाय ब्रेकवर होता माझा, पण दाबला नाही. मी म्हटलं, डावीकडे आपल्याला किती जागा दिसते? त्यानं पाहिलं, स्वतःच गाडी सरळ केली. बस, शिकवणं म्हणजे काय ते तिथेच मला कळलं. पास झाले, अन् पहिला फोन घरी नाही, नोरीनला केला. ती म्हणाली, ग्रँड, म्हणजे इकडचं ‘छान’, आता जेव जा.

आता शाळेत आठवड्यातून दोन दिवस वर्ग घेते, बाकी दिवस गाडीवर असते. आमची ईशाही यंदा सतरा पूर्ण करेल, ती मराठीत बोलत नाही पण ऐकते सगळं. नोरीनची नजर मागच्या हिवाळ्यात अधू झाली. गाडी सोड असं कोणी म्हटलं नव्हतं हो तिला, डॉक्टरही म्हणाले होते की वर्षभर थांबून पाहू. तिनं आपणहून लायसन्स पाकिटात घालून परत पाठवलं. म्हणाली, मला दिसतं, पण पुरेसं नाही, अन् रस्त्यावर दुसऱ्यांची मुलं असतात. एवढी मोठी बाई मी पाहिली नाही.

दर गुरुवारी मी तिला चर्चला अन् बाजाराला नेते. ती शेजारी बसते, खिडकीबाहेर पाहते, माझ्या चालवण्याबद्दल अवाक्षर काढत नाही. माझ्या हाताखालची पोट्टी-पोट्टे आता गावोगाव गाड्या चालवून राहिले, कोणी इथेच, कोणी डब्लिनला क्लोनडॉकिनकडे. सगळे संध्याकाळी धडधाकट घरी पोचोत, अन् नोरीनचे गुरुवार पुष्कळ असोत, एवढंच मागते मी.