जात नाही की जाता येत नाही?

शिंपीकाकांच्या डोळ्यांत औषध घातलं होतं. दवाखान्यात ते डोळे मिटून बसले होते, कान मात्र उघडे होते. शेजारी कुणी ग्रंथपाल सून आणि तिची सासू बोलत होत्या.

“आई, डिजिटल ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आज ठरवायचंय. एक दिसायला देखणं आहे, दुसरं अगदीच साधं.”

“बाकीच्या ग्रंथालयांशी कुठलं बोलतं?”

“साधं. त्याची बोली सगळ्यांना समजते. देखणं फक्त त्यांच्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरशी बोलतं.”

“आणि उद्या नाही पटलं, तर आपली पुस्तकं घेऊन निघता येतं?”

“अगंबाई, हे विचारायचंच राहिलं!”

“मग लाव की फोन.”

सुनेनं देखण्याच्या विक्रेत्याला स्पीकरवर घेतलं. तो मोठ्यानं हसला.

“मॅडम, आमच्याकडून कधी कुणी जातच नाही!”

“जात नाही, की जाता येत नाही?” सासूबाईंनी मध्येच विचारलं.

शिंपीकाकांनी कान टवकारले.

“तशी... सोय नाहीये, आजी.”

फोन ठेवताच दोघी खुदकन हसल्या.

“ठरलं, आई. साध्याच्या माहितीपत्रकात पुस्तकं घेऊन निघायची सोय दिलीय. साधंच घेते.”

“घे बिनधास्त. तुझ्या साध्यासुध्या सासऱ्यांना मी तरी दुसरं काय बघून निवडलं होतं?”