पिकोचं मशीन

अमरावतीच्या स्टँडवर वरूडची बस लागायची होती. शेजारच्या बाकावर उतारवयाचं एक जोडपं एकाच फोनात डोकं घालून बसलेलं.

"गेलं काय?"

"गेलं."

"हे तिसरं मशीन गेलं. पाच मिनिटं होती तवाच म्हटलं, बोली लावा. कावून थांबले?"

"तीस वर्सं वरूडच्या लिलावात संत्रा घेतला म्या. आडत्या एक वार म्हणते, दोन वार म्हणते, मंग माह्याकडं पायते. म्या मान हालवली का माल माहा."

"मंग फोननं पाह्यलं तुमच्याकडं?"

"आता फोन कसा पायीन?"

"नाई ना? द्या इकडं. अकोल्याचं एक पिकोचं मशीन अजून हाय. साडेचारले बंद होते."

"तू काय करून राहिली?"

"साडेसहा हजार टाकून राहिली. आपल्याले झेपते तेवढं."

"आखरीचा भाव पयलेच? बाजारात हासतील लोकं मले!"

"सांगजा, बायकोनं टाकला. तेरा जणींच्या साड्या पिकोले घेऊन ठेवल्या म्या. लग्नं त्यायच्या घरी हायेत, बाजारात नाई."

"वरूडची लागली, चाल."

"जाऊ द्या तिले. दोन मिनिटं उरली."

बस गेली. तो पुटपुटला, "एक वार."

"उगे राहा."

"दोन वार."

फोन वाजला.

"काय झालं वं?"

"तीन वार. सुटलं आपल्या नावावर. उठा, अकोल्याची बस कुठं लागते ते पाहा."